वाट पुसणारा वाटसरू : धर्मानंद कोसंबी

विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबो हे पूर्वेकडील एक गजबजलेले बंदर होते. युरोपातून सुएझमार्गे येणाऱ्या आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडे किंवा चीनकडे जाणाऱ्या मोठमोठ्या आगबोटी कोळसा घेण्यासाठी तेथे थांबत. बोट थांबली की उतारू काही तासांसाठी किनाऱ्यावर उतरत. ज्यांच्या खिशात पैसा असे त्यांना हिंडवून आणण्यासाठी गाडीवाले आणि वाटाडे धक्क्यावर उभेच असत. काही थोडे मात्र कोणाचेच न ऐकता, पायी, मन मानेल तिकडे निघत. आज पर्यटनाच्या मोठ्या बोटींवर हाच प्रश्न प्रवाशांपुढे असतो असे वाचनात येते : बंदरावर उतरल्यावर माहितगाराबरोबर ठरलेली फेरी करावी, की नकाशा हातात घेऊन आपले आपण पाहावे? आमच्या परतूरहून समुद्र शेकडो मैल दूर, आणि आम्ही पाहिलेले मोठे पाणी म्हणजे निम्न दुधना धरणाचे. तेव्हा हा प्रश्न आमच्या दारी कधी येणार, असे कोणी म्हणेल. पण तो बोटीचाच प्रश्न आहे असे मला वाटत नाही. आणि त्याचे फार वेगळे उत्तर आपल्या आयुष्याने देणारा एक मराठी माणूस इ. स. १९०२ साली दक्षिण हिंदुस्थानातून याच कोलंबोस येऊन उतरला होता.

त्याच्यापाशी पैसा नव्हता. सिंहली भाषेचा एक शब्द ठाऊक नव्हता, इंग्रजी जेमतेम. शहर पाहण्याची त्याला हौस नव्हती. त्याला एकच पत्ता हवा होता : भगवान बुद्धाचा धर्म मूळ पाली भाषेत जेथे शिकवतात ती जागा. हा पंचवीस वर्षांचा तरुण म्हणजे आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. मुरगाव बंदर तेथून जवळ. आज त्या बंदरास देशोदेशीच्या पर्यटक-बोटी लागतात, आणि त्यांतून उतरलेली मंडळी बसगाड्यांत बसून जुन्या गोव्याची देवळे व चर्च पाहून संध्याकाळी बोटीवर परततात. जवळच्या साखवाळात कोण जन्मला होता हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगत असेल? असो.

घरची स्थिती साधारण. नारळाची बाग, तिची राखण, शिंपणे, हिशोब, हेच धर्मानंदांचे पहिले शिक्षण. तो मुलूख पोर्तुगिजांचा, त्यामुळे मराठी शाळेत नीट शिकण्याची सोय नव्हती. जे थोडे शिक्षण झाले तेही अर्धवट. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ज्यांना सन्मानाने बोलावून घेतले त्या माणसाने मॅट्रिकची परीक्षाही दिलेली नव्हती, ही गोष्ट ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कोणी चढले आहे अशा आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शाळेने जे दिले नाही ते पुस्तकांनी दिले. तुकारामांच्या अभंगांनी त्यांना धीर दिला. आणि मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोधमेवा’ या मासिकात त्यांनी बुद्धाचे एक लहानसे चरित्र वाचले. लेख साधा, मुलांसाठी लिहिलेला. पण या तरुणाच्या मनाने तो जो धरला तो कायमचा. नारळीच्या बागेत बसून बुद्धाविषयी अधिक काही कळणे शक्य नव्हते. विचारावे तर जवळपास कोणाला काही ठाऊक नाही. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांची पहिली मुलगी माणिक हिचा जन्म झाला होता.

पहिला मोठा मुक्काम पुणे. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या जगन्मान्य पंडिताची गाठ पडली. संस्कृत शिकल्याशिवाय पुढचे दार उघडणार नाही हे धर्मानंदांनी ओळखले आणि ते व्याकरणाला भिडले. पुण्यात राहण्याजेवण्याची सोय लागत होती, प्रार्थना समाजातील सज्जनांचा आधार होता. दुसरा कोणी तेथेच स्थिरावला असता. पण पुण्यात बौद्ध ग्रंथांचे अध्ययन होण्याजोगे नव्हते, म्हणून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि पाठशाळेत संस्कृत शिकायचे असा क्रम चालला. तेथेच त्यांच्या मनाने घेतले की नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे, तेव्हा तेथे जावे.

नेपाळच्या प्रवासात एका नेपाळी सहाध्यायाची त्यांना सोबत मिळाली. केवढ्या आशेने गेले असतील! पण काठमांडूच्या परिसरात त्यांना दिसला तो धर्माचा बाहेरचा पसारा. ज्या विद्येसाठी ते आले होते ती शिकवणारा कोणी भेटेना. एवढा डोंगर चढून गेल्यावर हाती निराशाच आली. येथे मला त्यांचा एक विशेष गुण दिसतो. आलोच आहोत तर राहू, एवढे कष्ट वाया कसे घालवावे, असे त्यांनी म्हटले नाही. ते उतरले आणि बुद्धगयेला आले. तेथे एका भिक्षूने त्यांना खरी वाट दाखविली : कलकत्त्यास महाबोधी सभा आहे, तिच्याकडून सिंहलद्वीपास जा, पाली तेथे शिकवतात. त्या भिक्षूने त्यांना हाताला धरून कोठेही नेले नाही. पत्ता सांगितला, बस्स. तेवढ्यावर हा माणूस कलकत्त्याहून मद्रासला आणि मद्रासहून समुद्र ओलांडून कोलंबोला गेला.

म्हणूनच धर्मानंदांना नुसते एकटे भटकणारे म्हणणे मला पटत नाही, जरी त्यांच्याविषयी बोलताना बहुतेक जण त्यांच्या एकटेपणाचे आणि धाडसाचेच कौतुक करतात. त्यांच्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी वाटाड्या आहे. पुण्यास भांडारकर, काशीस शास्त्रीमंडळी, बुद्धगयेस तो भिक्षू. फरक इतकाच की कोणताही वाटाड्या त्यांनी सगळ्या प्रवासासाठी केला नाही. एकाकडे जेवढे होते तेवढे घेतले आणि पुढची वाट दुसऱ्याला विचारली. आणि विचारायचे काय हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याला काय विचारायचे हेच ठाऊक नसते तो वाटाड्याच्या पूर्ण स्वाधीन होतो, मग वाटाड्या दाखवील ते गाव आणि सांगेल ती कथा.

कोलंबोस माळिगाकंद येथे विद्योदय नावाचे विद्यालय होते. ते १८७३ साली हिक्कडुवे सुमंगलाचार्यांनी स्थापिले. सुमंगल महास्थविर त्या बेटावरील सर्वांत थोर विद्वान मानले जात. ते संस्कृतही जाणत होते, म्हणजे काशीच्या व्याकरणाची मेहनत येथे समुद्रापलीकडे उपयोगी पडली. त्यांच्यापाशी धर्मानंदांनी श्रामणेर-दीक्षा घेतली आणि ज्या भाषेसाठी तीन वर्षे वणवण केली ती पाली शिकण्यास आरंभ केला. अभ्यास उत्तम चालला होता, पण तेथील अन्न प्रकृतीस मानवेना. सुमारे वर्षभराने त्यांना सिंहलद्वीप सोडावे लागले. ध्येयापुढे माणसाला तहानभूक नसते असे आपण भाषणात म्हणतो, धर्मानंदांना ती होती आणि ‘निवेदन’ या आत्मवृत्तात त्यांनी ती लपविलेली नाही. मला तर ते पुस्तक त्यामुळेच खरे वाटते.

पुढची काही वर्षे मद्रास, ब्रह्मदेश आणि उत्तर हिंदुस्थान यांत गेली. ब्रह्मदेशात ते भिक्षू झाले. तेथे ज्ञानतिलोक नावाच्या एका जर्मन भिक्षूशी त्यांचा स्नेह जडला. गोव्याचा एक आणि जर्मनीचा एक असे हे दोघे सगाईंगच्या डोंगरातील गुहांत एका ज्येष्ठ भिक्षूच्या मार्गदर्शनाखाली ध्यान शिकले. ध्यानाच्या बाबतीत त्यांनी आपल्याच बुद्धीने चालण्याचा हट्ट धरला नाही, हे सांगितले पाहिजे. उलट, बुद्धाच्या चरणस्पर्शाने पवित्र झालेली स्थाने पाहण्यासाठी ते हिंडले तेव्हा ते आपल्या पायांनी आणि बहुतांशी आपल्याच बळावर हिंडले. ज्या कुशिनाऱ्यात बुद्धाचे निर्वाण झाले तेथे ते राहिले. ज्या वाटांनी बुद्ध चालला त्या वाटांनी भिक्षापात्र घेऊन चालणे हे त्यांना ग्रंथ वाचण्याइतकेच आवश्यक वाटले असावे.

या सगळ्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न मी मुलगी असल्यामुळे माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. १८९९ पासून जवळजवळ सात वर्षे बाळाबाई तान्ह्या मुलीसह मागे राहिल्या. त्यांनी कोणाला वाट विचारायची? धर्मानंदांनी काठमांडू पाहिले, कोलंबो पाहिले, रंगून पाहिले, आणि बाळाबाईंनी वाट पाहिली. आमच्या आजीने आयुष्यात एकच मोठा प्रवास केला आणि तो दिंडीबरोबर पंढरपूरचा. कोठे थांबायचे, कधी उठायचे, काय गायचे, सारे ठरलेले. ‘आपले आपण हिंडणारे’ लोक अशा ठरलेल्या प्रवासास हसतात. पण ती दिंडी नसती तर आजीला गावाची वेस ओलांडता आली नसती. एकट्याने, मन मानेल तसे फिरण्याचे स्वातंत्र्य ज्यांना उपजत मिळते त्यांनीच फक्त दोहोंत निवड करायची असते. धर्मानंद थोर होते यात शंका नाही, पण त्यांच्या थोरपणाचा हिशोब मांडताना बाळाबाईंचा रकाना कोरा ठेवू नये असे मला वाटते.

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले. बंगालात राष्ट्रीय शिक्षणाची लाट उसळलेली होती. पाली जाणणारा हिंदी माणूस तेव्हा दुर्मिळ. त्यांनी चीवर उतरविले, शिकविण्याचे काम पत्करले आणि कलकत्ता विद्यापीठात पालीच्या अध्यापनास हातभार लावला. संसारही पुन्हा सुरू झाला. १९०७ च्या जुलैमध्ये मुलगा दामोदर जन्मला. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले डी. डी. कोसंबी. परंतु धर्मानंदांना महाराष्ट्रात काम करायचे होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, अट अशी की महाराष्ट्रात राहावे आणि पुस्तके लिहावीत. कलकत्त्याची बरी चाललेली जागा सोडून त्यांनी हे पन्नास रुपये घेतले. त्यातून मराठीत बुद्धविषयक ग्रंथांची जी परंपरा सुरू झाली ती अद्याप आटलेली नाही.

आणि मग एक मजेची गोष्ट झाली. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले होते. ते अपुरे टाकून तो १८९९ साली वारला, म्हणजे ज्या वर्षी धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची मुंबईत धर्मानंदांशी ओळख झाली, आणि ते काम पुरे करण्यासाठी १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. अकरा वर्षांपूर्वी दारोदार वाट पुसणारा माणूस आता विलायती विद्वानांचा वाटाड्या झाला. अमेरिकेत त्यांनी नुसती पोथी उघडून ठेवली नाही. तेथील मजुरांची स्थिती, समाजवादाची चळवळ, यांविषयी ते वाचू लागले. बोलावणाऱ्यांनी आखलेल्या कार्यक्रमात हे बसत नव्हते! १९१२ साली ते परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे विद्यार्थी त्यांनी तयार केले. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले त्यामागे त्यांची खटपट आहे.

१९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. ज्या मुलीला तान्ही टाकून ते बाहेर पडले होते ती आता वडिलांबरोबर सागर ओलांडून शिकावयास गेली. मला या सबंध चरित्रात हा प्रवास सर्वांत आवडतो.

नंतरच्या काळात ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्यास उतरून त्यांनी तुरुंगवास भोगला, अमेरिकेच्याही आणखी फेऱ्या झाल्या. या धावपळीचा तपशील येथे देत नाही. १९३७ साली मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार उभारला, याचा उल्लेख मात्र टाळता येत नाही.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच सुमाराचा. त्याच्याविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण माहितगाराचे ऐकणे आणि स्वतः शोधणे यांतील भेद त्यात लख्ख दिसतो. बुद्धाच्या गृहत्यागाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. राजपुत्राने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला, आणि मध्यरात्री निजलेल्या पत्नीस व मुलास सोडून तो कंथक घोड्यावरून निघून गेला. आमची सहल परतूरहून जालना, भोकरदन, सिल्लोड करीत अजिंठ्यास गेली होती तेव्हा तेथील वाटाड्याने हीच कथा आम्हांस सांगितली, आणि छान सांगितली. चाळीस जणांना दीड तासात तीस लेणी दाखवायची म्हटल्यावर तो बिचारा दुसरे काय सांगणार! सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या विशाल मूर्तीपुढे आम्ही पोहोचलो तोवर बसची शिट्टी वाजायची वेळ झाली होती. पण वाटाड्या नसता तर ती मूर्ती निजलेल्या बुद्धाची नसून अखेरच्या क्षणाची आहे हे आमच्यातल्या निम्म्या जणींना कळलेही नसते, हेही खरे.

धर्मानंदांनी मात्र हीच कथा घेऊन जुन्या पाली सुत्तांचा दरवाजा ठोठावला. त्यांना दिसले की चार दृश्यांची ती गोष्ट मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहे. एका सुत्तात तर बुद्ध स्वतः सांगतो की आईवडील रडत असताना त्यांच्यादेखत त्याने केस-दाढी काढून घर सोडले. मग मध्यरात्रीचे पलायन कोठले? आणि दुसऱ्या एका सुत्तात शस्त्र धारण करण्याची, आपसात झगडणाऱ्या लोकांची त्याला वाटलेली भीती व उबग आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. हे भांडण, ही हत्यारे, यांतून सुटण्याची वाट शोधण्यासाठी सिद्धार्थ बाहेर पडला, असा धर्मानंदांचा निष्कर्ष. पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत अशा मराठवाड्यातील वाचकास हे कारण चार दृश्यांपेक्षा लवकर पटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, त्यातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचाच तंटा आहे.

हा शोध लावण्यासाठी धर्मानंदांस कोणती गुप्त पोथी सापडली नव्हती. ते ग्रंथ सर्वांपुढे होते. त्यांनी ते मूळ भाषेत, कोणी सांगितलेली कथा बाजूला ठेवून वाचले, इतकेच. आणि ते वाचता यावेत म्हणून सुमंगलाचार्यांच्या पायाशी बसले होते. एकावाचून दुसरे झाले नसते.

त्यांच्या मुलानेही हा स्वभाव उचलला. दामोदर कोसंबी हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासचे डोंगर आणि खेडी पायी तुडवीत, खेडुतांना त्यांच्या देवांची नावे आणि जागा विचारीत, आणि त्यातून त्यांनी इतिहास लिहिला. तेथे वाटाड्या म्हणजे शेतकरी आणि गुराखी.

अखेरच्या दिवसांत धर्मानंदांची प्रकृती ढासळली. आपल्या देहाचा आता कोणास उपयोग नाही, उगाच दुसऱ्यांवर भार का टाकावा, असे त्यांच्या मनाने घेतले आणि अन्न वर्ज्य करून देह ठेवण्याचा त्यांनी निश्चय केला. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या आश्रमात, स्वातंत्र्य दोन-सव्वादोन महिन्यांवर आले असताना, ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीत महात्मा गांधींनी प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

‘विसुद्धिमग्ग’ची त्यांनी सिद्ध केलेली नागरी लिपीतील आवृत्ती १९४० साली भारतीय विद्या भवनाने काढली होती. हार्वर्डची आवृत्ती, जिच्यासाठी ते प्रथम १९१० मध्ये समुद्र ओलांडून गेले होते, ती छापून निघाली १९५० साली. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन आणि धर्मानंद कोसंबी अशी दोन नावे आहेत. या दोघांची कधी भेट झाली नव्हती.